अर्थ सांगणारी

माझ्या आत्याला देवाशी बोलायला एक वेगळी भाषा मिळाली होती आणि त्या भाषेचा अर्थ फक्त मला कळतो, असं आमच्या मंडळीत जवळजवळ तीन वर्षं सगळे मानत होते. त्या तीन वर्षांबद्दल मी कुणाला धड काही सांगितलेलं नाही. नवऱ्याला एकदा थोडंसं सांगितलं होतं, तेही लहानपणची गंमत सांगावी तसं. जळगावच्या शाळेत पुढे तीस-बत्तीस वर्षं शिकवलं, पण तिथल्या बायकांना मी रविवारी चर्चला जाते एवढंच माहीत होतं. आता लिहायला बसले ते धाडस आलं म्हणून नाही. गेल्या वर्षी धुळ्याला जे झालं त्यानंतर हे सगळं नुसतं जवळ ठेवून घेणं जड जायला लागलं.

आमचं घर धुळ्यात, देवपूरला. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि वर मोकळी गच्ची. वडील एसटीत ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आई घरीच शिवणकाम करायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बहीण रूथ, तिला मी अक्का म्हणते. आणि मार्थाआत्या, नानांची थोरली बहीण. ती भडगावकडच्या एका खेड्यातून आमच्याकडे कायमची राहायला आली होती. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. आत्या अहिराणी बोलायची आणि आम्ही शाळेचं मराठी, पण कुणाला कधी अडचण पडली नाही. सकाळी पहिला आवाज तिचाच. चुलीपाशी बसून ती कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापायची आणि थापता थापता पुटपुटत प्रार्थना करायची. भाकरीवर हात पडल्याचा आवाज आणि तिचं पुटपुटणं एकाच तालात चालायचं. अंथरुणात पडल्या पडल्या मला ते दोन्ही आवाज एकच वाटायचे.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. आजोबांपासून दगडी चर्चला जाणारे. तिथे हार्मोनियमवर संथ गीतं चालायची, छापील प्रार्थना असायची आणि उपासनेनंतर सगळे ठरलेल्या वेळी घरी यायचे. ते सोडून आम्ही पिठाच्या गिरणीमागच्या हॉलमध्ये जायला लागलो याचं कारण नानांची दारू. नाना वाईट माणूस नव्हते, पण ड्युटी संपली की प्यायचे आणि पुढे पुढे ड्युटी सुरू व्हायच्या आधीही प्यायला लागले. कुणाच्या तरी आग्रहाने ते एकदा त्या हॉलमध्ये गेले. पास्टर शमुवेल तिथे प्रार्थना चालवायचे. ते पूर्वी कारखान्यात फिटर होते, बुटके, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी ओळखपाळख नसताना नानांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रोज पन्नास माणसांचा जीव हातात घेऊन चालतोस आणि तुझे हात थरथरतात. प्रभू ते हात धरायला तयार आहे." नाना तिथेच रडले. त्या दिवसानंतर त्यांनी मरेपर्यंत थेंब घेतला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे त्या हॉलमध्ये सगळंच खोटं होतं असं मी कधीच म्हणू शकत नाही. आई मात्र एकदा मशीनवर बसल्या बसल्या म्हणाली, "तुझ्या नानांच्या कंडक्टरची बायको तिथे दर शुक्रवारी जाते." एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाय मारायला लागली. तिने ते नानांना कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी अकरा ते दोन उपास-प्रार्थना असायची. पत्र्याखाली साठ-सत्तर माणसं, बायका डावीकडे, ढोलकी, खंजिरी आणि भिंतीपलीकडे गिरणीची घरघर. आत तिखटाच्या दळणाचा खकाणा यायचा आणि गाता गाता सगळ्यांना ठसका लागायचा. पास्टर आत्मिक दानांबद्दल शिकवायचे. कुणाला बरं करण्याचं दान, कुणाला भविष्याचा संदेश देण्याचं, कुणाला अन्य भाषांचं. शुक्रवारी शेवटचा तास त्यासाठीच असायचा. कुणी उठून संदेश सांगायचं, कुणी रडायचं, कुणी हात वर करून न कळणाऱ्या शब्दांत बोलायचं. एका शुक्रवारी त्यात आत्याचा आवाज आला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. एरवी आत्या चारचौघांत तोंड उघडायची नाही. शिकलेली नाही, बोली खेड्यातली, त्यामुळे शहरातल्या बायकांपुढे तिला लाज वाटायची. ती उभी राहिली, डोळे मिटले आणि तिच्या तोंडून धार लागल्यासारखे शब्द यायला लागले. ना अहिराणी, ना मराठी, ना हिंदी. र आणि ल खूप, मध्येच ताणलेला स्वर, पुन्हा खाली. तिचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. सगळी मंडळी हळूहळू गप्प झाली. ती थांबली तेव्हा पास्टर प्रेमानेच म्हणाले, "मार्थाबाई, प्रभूची स्तुती असो. पण शास्त्राचा नियम आहे. अर्थ सांगणारा कुणी नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावं, मनातल्या मनात बोलावं." आत्याने मान हलवली. पुढचे दोन शुक्रवार ती तोंडावर पदर दाबून बसली. आतून शब्द येत होते, खांदे हलत होते आणि ती ते गिळत होती. ते मला बघवेना. मी तेव्हा बारा संपून तेराव्या वर्षात होते.

तिसऱ्या शुक्रवारी तिला आवरलं नाही. ती बोलली आणि थांबली, पास्टरांनी मंडळीकडे बघितलं आणि मी उभी राहिले. मी ठरवून उभी राहिले का, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की तोंडातून वाक्यं आली. "माझ्या लेकरांनो, भिऊ नका. तुम्ही रडलात ते मी ऐकलं आहे. ज्याला कुणी मोजत नाही त्याला मी मोजलं आहे." बायका रडायला लागल्या. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत जे होतं त्यासाठी मी पुन्हा पुन्हा उभी राहिले असते. राहिलेही.

ती वाक्यं आली कुठून, याचं एक साधं उत्तर माझ्याकडे आहे. आत्याला वाचता येत नसल्यामुळे रोज दुपारी शाळेतून आले की मी तिला शास्त्र वाचून दाखवायची. स्तोत्रं, संदेष्ट्यांची पुस्तकं, सगळं. देव कसा बोलतो ते मला पाठ झालं होतं. पण ते उत्तर पुरतं नाही, कारण पहिले काही महिने मला खरंच वाटायचं की कुणीतरी माझ्या मागे उभं आहे. नंतर ते वाटणं कमी झालं आणि सफाई वाढली. आत्याचा स्वर ताणला गेला की इशारा, खाली आला की सांत्वन, असं मी बसवून टाकलं. मंडळीत कुणाच्या घरी काय चाललं आहे हे आईच्या मशीनपाशी बसलं की कळायचंच. तेवढ्यावर भागायचं. लोक मला अर्थ सांगणारी एस्तेर म्हणायला लागले. मोठमोठी माणसं प्रार्थनेनंतर माझ्याकडे येऊन डोकं झुकवायची. आणि नाना सगळ्यांत पुढे बसून माझा शब्द न् शब्द वहीत लिहून घ्यायचे. ती वही ते बसमध्ये स्टिअरिंगपाशी ठेवायचे. मला कधी भीती वाटली आणि सांगून टाकावंसं वाटलं, तर त्या वहीकडे बघून गप्प बसायची. हे खोटं ठरलं तर त्यांचे हात पुन्हा थरथरतील, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

अक्काचं नर्सिंग संपत आलं तेव्हा तिला चोपड्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव दाविद. त्याचं औषधांचं दुकान होतं, घरचे जुन्या पद्धतीचे, शांत चर्चचे लोक. हिवाळा होता. आईने गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली होती आणि भरीत, कळण्याच्या पुऱ्या, वर तेल असा बेत केला होता. दाविदने केळीचा एवढा मोठा घड आणला होता की तो कुठे ठेवायचा हे कुणाला सुचेना, शेवटी आईच्या मशीनवर ठेवला. तो कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याकडे नीट बघणारा होता. मोठी माणसं आत बोलत बसली तेव्हा अक्का, तो आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी, असे तिघे ओसरीवर होतो.

"तुम्हाला चोपड्यात करमेल का?" त्याने अक्काला विचारलं.

"बघितल्याशिवाय कसं सांगू?" अक्का म्हणाली. "एकदा तापी ओलांडून आले होते लहानपणी. नुसत्या केळीच्या बागा आठवतात."

"अजून त्याच आहेत. दुसरं काही नाही दाखवण्यासारखं."

अक्का हसली. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्हीच का अर्थ सांगता?"

मी मान डोलावली.

"मग शब्दाला शब्द सांगता, की साधारण भाव?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण तोवर मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "जसं येतं तसं." तो म्हणाला, "असं होय," आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, या माणसाला कळलं.

त्या संध्याकाळी भांडी घासताना अक्का मोकळेपणाने बोलली. "माणूस बरा वाटला. आणि त्यांच्याकडे हे असं आरडाओरड, रडारड काही नसतं म्हणे. एस्तू, मला जरा शांत राहावंसं वाटतं गं." मी ताटं विसळत राहिले. माझी वेणी घालणारी, शाळेची वही तपासणारी, मला ताप आला की रात्रपाळी करून येऊनही उशाशी बसणारी अक्का नदीपलीकडे जाणार होती, तेही खुशीने, आणि त्या माणसाकडे, ज्याने मला ओळखलं होतं. यातलं जास्त काय टोचलं ते मी तेव्हा वेगळं करून बघितलं नाही. आता बघते तर दोन्ही सारखंच दिसतं.

नानांना स्थळ पसंत होतं, पण प्रभूच्या शब्दाशिवाय ते पाऊल टाकत नव्हते. मार्चमधल्या एका शुक्रवारी त्यांनी मंडळीत उभं राहून सांगितलं, "माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल प्रभूची इच्छा मागतो आहे." सगळ्यांनी प्रार्थना केली. बऱ्याच वेळाने आत्या बोलायला लागली. त्या दिवशी ती फार हळू बोलली, जवळजवळ गाण्यासारखं, आणि एकदाही स्वर ताणला नाही. माझ्याच हिशेबाने ते सांत्वन होतं, आशीर्वाद होता. हे मला लख्ख आठवतं आणि हेच मला सगळ्यांत जास्त छळतं. मी उभी राहिले. नाना वही उघडून बसले होते. अक्का बायकांत तिसऱ्या रांगेत, मान खाली.

मी म्हटलं, "माझ्या मुली, नदी ओलांडू नकोस. ते दार मी उघडलेलं नाही." इथवर मी मनात बांधून आले होते. इथे थांबणार होते. पण तोंड थांबलं नाही. "मी तुला माझ्यासाठी राखून ठेवलं आहे." हे वाक्य मी बांधलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

गिरणी त्या वेळी बंद होती की काय कोण जाणे, पण मला तेव्हाची शांतता आठवते. नाना लिहीत होते. अक्काने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळवणाच्या बिबड्या घालायच्या होत्या. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, त्यात तीळ, लसूण, मिरची, मोठ्या पातेल्यात वाफाळतंय आणि आम्ही दोघी ओल्या कापडावर हाताने गोल पसरतोय. आई आणि आत्या खाली होत्या. ऊन वाढत होतं. अर्धं कापड भरलं तेव्हा अक्का हात न थांबवता म्हणाली, "एस्तू, एकच विचारते. काल ते तू बोललीस, की..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मी खाली बघत म्हटलं, "मी काही बोलले नाही, अक्का."

"बरं," ती म्हणाली. मग पाण्यात हात बुडवून पुढची बिबडी पसरायला घेतली. मला तेव्हा वाटलं होतं की ती रडेल, भांडेल, काहीतरी करेल आणि मग मी सांगून टाकेन. तिने काहीच केलं नाही.

नानांनी चोपड्याला पत्र पाठवलं. दहा-बारा दिवसांनी दाविद एकटाच आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि नानांना म्हणाला, "तुमचं पत्र वाचलं. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, त्यांना स्वतःला काय वाटतं?"

नानांनी अक्काला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या मागे होते, तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"शब्द आला आहे," ती म्हणाली. "मला त्याच्या बाहेर जाता येणार नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

त्याने रिकामा पेला बाजूला सरकवला. मग "बरं, येतो," म्हणून उठला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं आहे.

त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. त्यानंतर दीड वर्ष गेलं असेल, चोपड्याहून बातमी आली की दाविद कावीळ होऊन गेला. चार दिवसांत सगळं संपलं. मागे बायको आणि सहा महिन्यांचं मूल. त्या शुक्रवारी नानांनी वही हातात धरून साक्ष दिली. तारखेसकट वाक्य वाचून दाखवलं. नदी ओलांडू नकोस. सगळी मंडळी उभी राहिली, टाळ्या वाजल्या, माणसं रडली, प्रभूने रूथला वाचवलं म्हणून स्तुतीची गाणी झाली. पास्टरांनी मला पुढे बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवला. अक्का तिच्या जागेवर उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात पीठ मळायला बसली. मी तिच्याजवळ गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या मुलीच्या घरी कुणी शब्द नाही पाठवला." मी विचारलं, "कुठल्या मुलीच्या?" ती म्हणाली, "ज्या मुलीने नदी ओलांडली तिच्या." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला दोन बाजूंनी भीती वाटत होती. मी खोटं बोलले आणि एका माणसाला त्या खोट्यापायी नाकारलं गेलं, ही एक. आणि मी खोटं बोलत होते असं मला वाटत असताना खरंच कुणी माझ्या तोंडून बोलत होतं, ही दुसरी. पहिलीत मी वाईट होते. दुसरीत देव. तेव्हा माझं वय सोळाच्या आत होतं आणि या दोन्हींतलं कुठलंच कुणापुढे मांडता येत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आत्या बोलली, थांबली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बसूनच राहिले. पास्टर म्हणाले, "एस्तेर?" मी म्हटलं, "मला काही येत नाही." त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "दान देणाऱ्याचं असतं. तो देतो, तो थांबवतो." ते रागावले नाहीत. पण नियम तोच होता. तीन आठवड्यांनी आत्या पुन्हा तोंडावर पदर दाबून बसायला लागली.

एका दुपारी मी तिला वाचून दाखवत असताना तिने माझा हात धरला. "पोरी, आता तुले काहीच ऐकू येत नही का?"

"नाही, आत्या."

"पहिले येत व्हतं?"

मी पुस्तकात बघत राहिले. तिने बराच वेळ माझा हात सोडला नाही. मग म्हणाली, "वाच पुढे." त्या उन्हाळ्यात ती भडगावकडे दिरांच्या घरी निघून गेली. जाताना म्हणाली, "तठे वावर मोकळं शे. मी बोलसू आनि देव ऐकी. अर्थ सांगाले कोन लागंस?" नंतर मी तिला तीन-चार वेळाच भेटले. शेतात ती मोठ्याने प्रार्थना करते, शेजारच्या शेतातले लोक काम थांबवून ऐकतात, असं तिचे दीर सांगायचे. त्याने मला थोडं बरं वाटायचं.

माझं लग्न झालं, मी जळगावला आले. अक्काने लग्न केलं नाही. इस्पितळात मेट्रन झाली, आईनानांना शेवटपर्यंत सांभाळलं आणि मंडळीतल्या बायकांची प्रार्थना तीच चालवायला लागली. ती मंडळी आता मोठ्या हॉलमध्ये असते, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, गिटार आहे. भविष्याचे संदेश मोबाइलवर ध्वनिमुद्रित होऊन येतात. माझ्या सुनेच्या फोनवर रोज सकाळी कुठल्याशा संदेष्ट्याचा निरोप वाजतो, आज तुझ्यासाठी दार उघडणार आहे वगैरे. ती तो चहा गाळता गाळता ऐकते आणि कधी कधी पुन्हा लावते. सून भाबडी नाही, तिला एक चांगला शब्द हवा असतो एवढंच. मी तो ऐकला की दुसऱ्या खोलीत जाते.

गेल्या वर्षी अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायला कुणी हवं म्हणून मी आठ दिवस धुळ्याला राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवर उताणी पडली होती, डोळे मिटलेले, मी बाटली हातात घेऊन बसले होते. तिचे डोळे मिटलेले होते म्हणूनच मला बोलता आलं.

"अक्का, तो शब्द माझा होता."

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"दाविदच्या वेळचा. मी ठरवून बोलले. तू जायला नको होतीस मला. आणि त्याची भीती वाटत होती. गच्चीवर तू विचारलंस तेव्हाही मी खोटं बोलले."

"आधी थेंब घाल," अक्का म्हणाली.

मी घातले. एक थेंब चुकून गालावर गेला. तिने तो पदराने पुसला.

"तो गेला तेव्हा मी पाच दिवस जेवले नव्हते," ती म्हणाली. "घरात सगळ्यांना वाटलं उपास आहे. नाना म्हणाले, रूथ उपकारस्तुतीचा उपास करते आहे."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात, एका खोलीत झोपत होतो आम्ही.

"अक्का, मला माफ कर."

"राखून ठेवलंय, हेसुद्धा तू ठरवून बोललीस?"

मी खरं ते सांगितलं. "नाही. ते आपोआप आलं."

"मग झालं."

"झालं कसं, अक्का? ते कुठून आलं मला माहीत नाही. देवाकडून आलं असं मी नाही म्हणू शकत."

"तू नकोच म्हणूस." तिचा आवाज चढला नव्हता, ती इस्पितळात नव्या पोरींशी बोलायची तसा होता. "एस्तू, त्या वाक्यावर मी आयुष्य काढलं आहे. किती माणसं माझ्या हातांखालून गेली, किती जणांचे डोळे मी मिटले. रोज सकाळी उठून तेच वाक्य म्हणत आले. आता या वयात तू ते परत मागायला आलीस. मी काय देऊ तुला? आणि ते दिलं तर माझ्याजवळ काय राहील? मी एका चांगल्या माणसाला दारातून परत पाठवलं, ते धाकट्या बहिणीच्या हट्टापायी?"

मी रडत होते. ती म्हणाली, "रडू नकोस. दुसरा डोळा राहिला."

मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातले. पुढचे पाच दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. तिने मला शेवभाजी कशी करायची ते पुन्हा शिकवलं, कारण माझी तिला कधीच पसंत पडत नाही. मी तिचे केस विंचरले, कपडे वाळत घातले. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

रविवारी तिने मला मंडळीत नेलं. काळा चष्मा लावून, माझा दंड धरून. साक्षीची वेळ आली तेव्हा ती उठली. मला आधी कल्पना नव्हती. माइक हातात घेऊन तिने शांतपणे सांगितलं की वीस वर्षांची असताना प्रभूने तिला एक शब्द दिला, तिच्या लहान बहिणीच्या मुखातून दिला आणि ती बहीण आज इथे बसली आहे. नदी ओलांडू नकोस, मी तुला माझ्यासाठी राखून ठेवलं आहे. तिने दोन्ही वाक्यं मी म्हटली होती तशीच म्हटली, तेवढंच थांबून. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीचे डोळे भरले होते.

अक्का साक्ष संपवून तशीच उभी राहिली. काळ्या चष्म्यामुळे ती कुठे बघते आहे ते कळत नव्हतं, पण तिचा चेहरा माझ्या दिशेने होता. सगळा हॉल आमेन म्हणाला. मी गप्प होते. आवाज विरून गेला तरी ती माइक खाली ठेवेना. गिटारवाला पुढचं गीत सुरू करायला थांबला होता.

मग मी आमेन म्हटलं. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. तिने माइक ठेवला आणि धरून नेण्यासाठी माझ्याकडे हात केला.